पंधरा मिळव

मी मावशी बोलतेय. जर्मनीतल्या ग्रोस-एल्मेनच्या मैदानावरचं, मुलांना शिकवायचं विमान.

बातमी आली त्या मंगळवारी सकाळपासून धुकं होतं. मैदानाच्या पलीकडची बर्चच्या झाडांची रांग दिसत नव्हती, म्हणजे उड्डाण नाही, हे सगळ्यांना न सांगता कळलं होतं. शिकाऊ मुलं वर्गात हवामानाचे नकाशे काढत बसली होती. खानावळीतून वाटाण्याच्या सुपाचा वास येत होता. ब्राखागे मिस्त्री माझ्या इंजिनाचं झाकण काढून चिंधीने एकेक नळी पुसत होते आणि तोंडाने शिट्टी वाजवत होते. ऑक्टोबर महिना होता, एकोणीसशे छत्तीस साल.

इल्कन मास्तर पत्र घेऊन आले आणि नेहमीसारखे माझ्या खालच्या पंखाच्या मुळाशी टेकले. तिथे पाय ठेवायची एक काळी पट्टी आहे. ती माणसाच्या वजनासाठीच केलेली, म्हणून मला त्यांचं बसणं कधी जड वाटलं नाही. त्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते ब्राखागेंच्या पुढे धरलं.

ब्राखागेंना मनात वाचता येत नाही. चष्मा लावून ते मोठ्याने, एकेक शब्द टेकवत वाचतात. म्हणून मला कळलं.

पत्र गेरेऑन प्लास नावाच्या मुलाचं होतं, दक्षिणेकडच्या एका इस्पितळातून. त्याने लिहिलं होतं: "मान्यवर हेर इल्कन, आपली ओळख नाही. ल्यूडर वीबुश आणि मी पुढच्या शिक्षणाच्या शाळेत एकत्र होतो. अठ्ठावीस सप्टेंबरला आम्ही एकाच विमानात होतो. तो गेला. माझे दोन्ही पाय मोडलेत. उतरताना शेवटच्या वळणावर इंजिन अडखळत होतं आणि वारा फार होता. बोलायच्या नळीतून तो स्वतःशीच बोलत होता, ते मला मागे ऐकू आलं. 'एकशे पंधरा. पंधरा मिळव. एकशे तीस. ठीक.' असं तो दोनदा म्हणाला. मग डावा पंख एकदम खाली गेला. चौकशीवाल्यांना मी हे सांगितलं, पण मला ताप होता म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं नाही. तो तुमच्याकडे शिकला असं नेहमी अभिमानाने सांगायचा. हे पंधरा कशाचे, तुम्हाला माहीत आहे का?"

ब्राखागेंनी चष्मा काढला.

मला ते पंधरा माहीत होते. ते माझे होते.

मी चौतीस साली जन्मले. देवदाराच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून सुतारांनी माझा सांगाडा केला. लांब टेबलांवर बायका बसल्या होत्या, त्यांनी माझ्या पंखांवर कापड शिवलं. त्यांतली एक शिवताना सतत आपल्या जावेबद्दल बोलायची. मला पहिली माणसं कळली ती तिच्या तोंडून. मग कापडावर उग्र वासाचं रोगण चढलं, ते वाळताना ताणलं गेलं आणि मी ढोलासारखी टणक झाले. दोन पंख वर, दोन खाली, एकामागे एक दोन उघड्या जागा. पुढे शिकवणारा, मागे शिकणारा. दोघांमध्ये रबराची एक नळी, बोलण्यासाठी.

मी मैदानावर आले तेव्हा फाटकावर क्रीडा संघाची पाटी होती, कारण लढाऊ विमानदळ ठेवायला देशाला बंदी होती. आत मुलं सैनिकांसारखी रांगेत चालायची आणि तारखेला ठरलेले तितके वैमानिक तयार करायचे असत. पुढच्या वर्षी पाटी उतरली, मुलांना गणवेश मिळाले, माझ्या शेपटीवर नवं चिन्ह रंगवलं गेलं. कोणाला नवल वाटलं नाही. त्या मैदानावर सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं आणि कोणी काही म्हणायचं नाही.

माझा बिघाड पहिल्याच हिवाळ्यातला. कुंपणाला पंख घासला आणि पंखातून जाणारी एक बारीक नळी कुठेतरी सांध्यात चिरली. त्या नळीतून वाऱ्याचा दाब येतो आणि माझ्या वेगाच्या तबकडीवरचा काटा हलवतो. दाब वाटेत गळायला लागला. त्या दिवसापासून माझा काटा पंधराने कमी सांगू लागला. मी ताशी पंच्याण्णव किलोमीटरच्या वेगाने जात असले तर काटा म्हणायचा ऐंशी.

ब्राखागेंनी दोन वेळा तबकडी बदलून पाहिली. मग त्यांच्या लक्षात आलं की पंखाचं कापड उकलून आतली नळी बदलायला हवी, नवं कापड, नवं रोगण, वाळवणं. मला आठवडाभर जमिनीवर ठेवावं लागणार. त्यांनी दुरुस्तीची चिठ्ठी लिहिली. इल्कन मास्तर म्हणाले, ही तुकडी जाऊ दे, मग करू. तुकडी गेली, दुसरी आली. ब्राखागेंनी दुसरी चिठ्ठी लिहिली. पुन्हा, ही तुकडी जाऊ दे.

इल्कन मास्तर वाईट शिक्षक नव्हते. फ्रीजलंडचे, समुद्राकाठचे, उंच आणि कमी बोलणारे. जुन्या लढाईत उडलेले. मुलांना ते नळीतून शिव्या घालायचे तेव्हासुद्धा त्यांचा हात विमान चालवायच्या दांड्याजवळ हलका असायचा, मुलाची चूक पूर्ण होऊ द्यायची आणि मगच सावरायची. माझ्या बिघाडाचा त्यांनी धडा केला. पहिल्याच दिवशी नव्या मुलाला तबकडी दाखवून सांगायचे, "ही मावशी आहे. मावशी आपलं वय नेहमी कमी सांगते. म्हणून काय करायचं? पंधरा मिळव." मुलं हसायची. मावशी हे नाव मला तिथून पडलं.

हळूहळू त्याची रीतच झाली. आमच्याकडे मुलगा पहिल्यांदा एकटा उडून परत आला की बाकीचे त्याला ओणवा करतात आणि एकेक जण ढुंगणावर रट्टा घालतो, म्हणजे पुढे विमान बुडाखाली कसं हलतं ते त्याला नीट कळावं. मग काटेरी फुलांचा गुच्छ उघड्या हातात घ्यायचा. हे सगळ्या मैदानांवर आहे. आमच्या तुकडीत मात्र रट्टे मोजून पंधरा पडायचे, आणि शेवटच्या रट्ट्याला सगळे मिळून ओरडायचे, "पंधरा मिळव!" मला त्याचा अभिमान वाटायचा. आपल्या खोडीवरून कोणी लाडाने चिडवावं, तसं वाटायचं.

ल्यूडर वीबुश पस्तीसच्या शरदात आला. एकोणीस वर्षांचा, कान मोठे, चालताना पावलं मोजणारा. हासेलबेकच्या रेल्वे फाटकाच्या घरात वाढलेला. बाप तो दोन वर्षांचा असताना गेला होता, फाटक आई सांभाळायची. तिने त्याला लहानपणापासून एक शिकवलं होतं: जे करायचं ते तोंडाने म्हणायचं. "घंटा वाजली. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. फाटक पाडलं." म्हटलं की विसरत नाही. त्यामुळे तो माझ्यातही सगळं म्हणायचा. पेट्रोल उघडलं. पट्टा बांधला. दांडा मोकळा. आणि उतरताना, "ऐंशी. पंधरा मिळव. पंच्याण्णव. ठीक."

पुढच्या जागेवरून इल्कन मास्तर नळीत म्हणायचे, "वीबुश, तू विमान चालवतोयस की चर्चमध्ये पाठ म्हणतोयस?"

"दोन्ही, हेर इल्कन."

"मग देवाला सांग, तुझा डावा पंख खाली आहे."

तो डावा पंख उचलायचा आणि म्हणायचा, "डावा पंख उचलला."

बाकीची मुलं त्याची नक्कल करायची. जेवताना म्हणायची, चमचा उचलला, सूप घेतलं, तोंड भाजलं. तोही हसायचा. पण त्या तुकडीत माझ्यावर एकही ओरखडा न आणता शिकलेला तो एकटा. त्याच्या बोटांना घाई नव्हती. मला वाटायचं, या मुलाची मला कधी काळजी करावी लागणार नाही.

तो पहिल्यांदा एकटा उडाला ती जानेवारीतली सकाळ. इल्कन मास्तर पुढच्या जागेवरून उतरले, रिकाम्या जागेचे पट्टे आवळून बांधले आणि काही न सांगता चालू लागले. ल्यूडरने मला वर नेलं. पुढची जागा रिकामी, आणि नळीत कोणी ऐकायला नाही, तरी तो सगळं म्हणत होता. वर गेल्यावर मात्र एकदा थांबला आणि त्याने एक वेगळंच वाक्य म्हटलं: "आई, फाटक उघडं." मग पुन्हा आपल्या पाठाकडे वळला. खाली आल्यावर पंधरा रट्टे खाल्ले. शेवटचा ब्राखागेंनी घातला, चिंधीने.

मार्चमध्ये तुकडी पुढच्या शाळेला गेली. मोठी विमानं, जड, बोथट नाकाची. सहा महिने त्याच्याबद्दल चांगलंच ऐकू येत होतं.

आणि मग ते पत्र.

त्या मंगळवारी धुक्यात मला पहिल्यांदा कळलं की माझ्यातून काय गेलं होतं. त्या जड विमानाचा काटा खरा होता. एकशे पंधरा म्हणजे एकशे पंधराच. इतक्या कमी वेगाने ते विमान वळणावर हवेत राहत नाही. हे ल्यूडरला चांगलं ठाऊक होतं. सहा महिने तो त्या काट्यांवर बरोबर उडला होता. पण इंजिन अडखळलं, वारा आडवा आला, आणि घाईच्या त्या चार क्षणांत नवं शिकलेलं मागे पडून पहिलं शिकलेलं पुढे आलं. त्याने काट्याकडे पाहिलं, आईने शिकवल्यासारखं मोठ्याने म्हटलं, मी शिकवल्यासारखे पंधरा मिळवले, आणि त्याला वाटलं सगळं ठीक आहे.

निष्काळजी मुलाने काट्याकडे पाहिलंच नसतं. हा विचार माझ्या मनात आला आणि तो अजून गेलेला नाही.

मग इल्कन मास्तर म्हणाले, "मी सांगितलं होतं त्याला. जाताना प्रत्येकाला सांगतो. आता पंधरा विसर, म्हणून."

ब्राखागे झाकणाचे स्क्रू बसवत होते. वर न बघता म्हणाले, "शिकवायला सहा महिने घेतले, फोको. विसरायला एक वाक्य दिलंस."

दोन वर्षांत मिस्त्रींनी मास्तरांना नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. तेव्हा तिथे मी सोडून कोणी नव्हतं. ब्राखागे फळीवरचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात चिठ्ठ्यांच्या नकला होत्या, सगळ्या एकाच मजकुराच्या. त्यांनी त्या मास्तरांच्या शेजारी माझ्या पंखावर ठेवल्या. मास्तरांनी त्यांना हात लावला नाही. म्हणाले, चौकशीला लिहायला हवं, मी लिहितो. ब्राखागे म्हणाले, लिही. आज लिही.

त्या आठवड्यात माझा पंख उकलला गेला. जवळपास दोन वर्षं ज्याला वेळ नव्हता ते काम चार दिवसांत झालं. शेजारच्या शाळेतून रोगण आलं, वाळवायला शेगडी लावली. नवी नळी बसली. काटा खरं बोलू लागला. मुलांना सांगण्यात आलं की यापुढे काही मिळवायचं नाही. रट्टे बंद झाले, का ते कोणी विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी वीबुशबाई आल्या.

ठेंगण्या, रेल्वेचा जाड कोट, हातात कापडी पिशवी. पाच वाजेपर्यंत परत पोचायचं होतं, फाटकावर बदली माणूस फक्त तोवर होता. इल्कन मास्तरांनी त्यांना कचेरीत बसवून कॉफी देऊ केली. त्या म्हणाल्या, कॉफी नको, तो ज्यात शिकला ते दाखवा. म्हणून ते माझ्याकडे आले. ब्राखागे तिथेच होते, त्यांनी टोपी काढून हातात धरली.

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. चौकशीचा निकाल. त्यांनी तो वाचून दाखवला नाही, फक्त एका शब्दावर बोट ठेवलं.

"इथे निष्काळजीपणा लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मी अठरा वर्षं फाटक सांभाळते आहे. माझ्याकडे फाटक उघडं राहिलं आणि कोणी मेलं, तर दोष कोणाचा हे मला माहीत असेल. ते माझ्यासाठी कोणी लपवणार नाही, आणि मीही लपवणार नाही. माझं एवढंच म्हणणं आहे. त्याची चूक असेल तर असो. पण कसली चूक ते सांगा. नुसता हा शब्द घेऊन मला घरी बसवत नाही."

इल्कन मास्तर म्हणाले की तो त्यांच्या सगळ्यांत चांगल्या मुलांपैकी होता. ते खरं होतं. हवा वाईट होती म्हणाले. तेही खरं होतं.

"त्यात बसू का मी?" बाईंनी विचारलं.

ब्राखागेंनी पायरीची पट्टी दाखवली, हात दिला. कोट आवरत त्या मागच्या जागेत उतरल्या. त्यांचं वजन त्याच्याहून कमी होतं, पण बसायची रीत तीच, आधी डावीकडे पाहणं, मग उजवीकडे. दांड्याला त्यांनी बोट लावलं नाही. हात मांडीवर ठेवून समोरच्या तबकड्या बघत राहिल्या.

"तो सगळं तोंडाने म्हणायचा का इथे?"

"म्हणायचा," ब्राखागे म्हणाले. "आम्ही चिडवायचो."

त्या हसल्या. पहिल्यांदाच. मग त्यांनी मधल्या तबकडीकडे बोट केलं. "हे काय?"

"वेग," मास्तर म्हणाले.

"हे बरोबर सांगतं?"

बाहेर कोणीतरी इंजिन सुरू करत होतं, ते दोनदा फुरफुरून बंद पडलं. ब्राखागेंनी मास्तरांकडे पाहिलं. मी सगळ्या तारांनिशी ताणून उभी होते. मला आवाज नाही हे मला नेहमी ठाऊक होतं, पण त्याची अडचण कधी झाली नव्हती.

"हो," इल्कन मास्तर म्हणाले. "बरोबर सांगतं."

तीन आठवड्यांपासून ते खरं होतं.

वीबुशबाईंनी मान हलवली. म्हणजे चूक त्याचीच, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण त्यांच्या हातांवरून मला ते कळलं. इतका वेळ मांडीवर सरळ ठेवलेले हात त्यांनी एकात एक गुंतवले. मग ब्राखागेंचा हात धरून उतरल्या, पायरीच्या पट्टीवर पाऊल मोजून ठेवत. आभार मानले. पिशवीतून घरच्या काळ्या पावाची एक लादी काढून ब्राखागेंना दिली, त्याला आवडायची म्हणून आणली होती, म्हणाल्या, इथली मुलं खातील. कागद घडी करून आत ठेवला आणि गाडी गाठायला निघाल्या. बर्चच्या रांगेपर्यंत त्यांचा कोट दिसत होता.

त्या गेल्यावर ब्राखागे पाव हातात धरून उभे होते. मास्तर म्हणाले, "तिला खरं सांगून काय झालं असतं? पोरगा परत आला असता?"

"नाही," ब्राखागे म्हणाले. "पण तिने त्याला दोष दिला नसता."

पुढच्या वसंतात इल्कन मास्तरांची बदली झाली, वरच्या जागेवर. जाण्याआधी ते एकदा येऊन पंखावर बसले. खिशातून लिहिलेले दोन कागद काढले, वाचले, परत खिशात ठेवले. त्यांनी ते टाकले की फाडले, मला माहीत नाही. चौकशी पुन्हा उघडली गेली नाही, एवढं ब्राखागेंच्या बोलण्यावरून कळलं. प्लासच्या पत्रालाही उत्तर गेलं नाही. पत्र पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्यांवर ठेवलेलं आहे.

आता एकोणचाळीस साल उजाडलंय. मी मागच्या छपरीत असते. माझं इंजिन काढून दुसऱ्या कोणाला दिलं. नवी मुलं माझ्यात बसून दांडा आणि पायखुट्या हलवायला शिकतात, आणि दाराशी उभा असलेला नवा शिक्षक आकडे ओरडतो. ती मला मावशी म्हणत नाहीत. फार घाई असते त्यांना. पूर्वी तुकडी सहा महिन्यांची होती, आता साडेतीनची. ब्राखागे कधी कधी येतात, कापडावर हात फिरवतात. मागच्या महिन्यात ते चष्मा लावून माझ्या पंखावर कागद ठेवून लिहायला बसले होते. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणतात, तेव्हा मला ऐकू आलं: "मान्यवर फ्राउ वीबुश." त्यापुढे काही आलं नाही. मग वर्कशॉपमधून हाक आली आणि ते उठले.

मला कोणाला दोष देऊन सुटायचं नाही. खोटं माझ्या काट्याने सांगितलं. माणसांनी ते सांभाळून घेतलं, त्याची चेष्टा केली, रीत केली, आणि मला ते प्रेम वाटलं. तुम्ही हे वाचत असाल आणि कधी त्या बाजूच्या गाडीत बसलात, तर हासेलबेकच्या आधी गाडी हळू होते. डाव्या हाताला फाटक येतं. तिथे जाड कोटातली एक बाई हातात निशाण घेऊन उभी असते, गाडी जाईपर्यंत हलत नाही. तिला ओरडून सांगितलं तरी चालेल. तुझ्या मुलाने काट्याकडे पाहिलं होतं, म्हणावं. त्याने सगळं म्हणून केलं होतं.

तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.